रोपांना पुरेल एवढा उजेड

निवृत्ती सकाळच्या पहिल्या गाडीने बोरखेड्याला उतरला, तेव्हा मुक्ता अंगणात उभी राहून आभाळाचा अंदाज घेत होती. सख्खा भाऊ चार वर्षांनी दारात आला, पण तिने एवढंच विचारलं, "वहिनीचं बरं आहे ना?"

"बरं आहे. वरचा गारवा मानवतो तिला." निवृत्तीने पिशवी खाली ठेवली. "तू वाळली वं मुक्ते."

"आत ये. भोंगा होईल आता."

जून संपत आला होता. एके काळी या दिवसांत बोरखेड्यात पेरणीच्या तिफणी निघायच्या. आता तापीकाठच्या साऱ्या गावांना जूनभर दुपारबंदी असे. अकराचा भोंगा झाला की माणसांनी घरात, नाहीतर चावडीमागच्या गारघरात जायचं आणि पाचचा भोंगा होईपर्यंत उन्हात पाऊल टाकायचं नाही. गावातली निम्म्याहून जास्त घरं तर कायमचीच सातपुड्यात, पालच्या बाजूला वर निघून गेली होती. निवृत्ती त्यांच्यातलाच. जाताना त्याने नदीकाठच्या वडिलोपार्जित शेतातला आपला अर्धा हिस्सा सौर पॅनलसाठी एका कंपनीला भाड्याने दिला होता. तेव्हापासून बहीण-भावाचं बोलणं दिवाळीच्या फोनपुरतं उरलं होतं.

पाणी पिऊन झाल्यावर निवृत्तीने पिशवीतून एक कागद काढला, टेबलावर ठेवला आणि पंख्याने उडू नये म्हणून त्यावर तांब्या ठेवला. कागद कसला ते विचारायची मुक्ताला गरज नव्हती. कंपनीला आता तिचाही हिस्सा हवा होता.

"वाचून घे सावकाश," तो म्हणाला. "मी उद्याच्या गाडीने जाईन."

"आधी माझी रोपं बघ," मुक्ता म्हणाली.

मुक्ता वाघुळदे वनस्पतिशास्त्रज्ञ होती. जळगावच्या संशोधन केंद्रात तिची उभी हयात गेली. उन्हामुळे केंद्रच घाटावर हलवलं, तेव्हा सहकाऱ्यांबरोबर न जाता तिने नोकरी सोडली, बोरखेड्याच्या रिकाम्या घरात आली आणि गुरांच्या गोठ्यात आपली प्रयोगशाळा थाटली. तिथे कपाटाएवढी एक पेटी होती. गावातल्या उरल्यासुरल्या बायका तिला पाळणा म्हणत. आत ओळीने ट्रे आणि ट्रेमध्ये बोटभर उंचीची, लव असलेल्या पानांची वांग्याची रोपं.

निवृत्ती वाकला. एका पानावरून त्याने अंगठा फिरवला आणि तो नाकाशी नेला.

"भरिताचं?"

"भरिताचं. तेच, हिरवं."

तेवढ्या एका वासाने दोघंही कुठल्या कुठे गेली. नदीकाठचं ते शेत, हिवाळ्यातला रविवार, कपाशीच्या काड्यांचा जाळ. पाहुणे जळगावहून, भुसावळहून, कधी पुण्याहूनही यायचे. त्यांचे वडील, अण्णा, काड्यांवर वांगी रचायचे, साल काळीभोर होऊन फुटेपर्यंत कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मग माय आणि शेजारच्या बाया लाकडी बडगीत ते गरमागरम वांगं हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचायच्या. त्या ठोक्यांचा आवाज नदीपलीकडे जायचा. वर कांद्याची पात, शेंगदाणे, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. जेवून माणसं बांधावर आडवी व्हायची आणि ऊन अंगावर घ्यायची. ऊन हवंसं वाटायचं, अंगावर घेण्याची गोष्ट होती, हे आता सांगूनही कुणाला पटलं नसतं.

ते वांगं खानदेशातून गेलं, त्याला बारा-तेरा वर्षं झाली होती. फळाला काही झालं नव्हतं. मार बसला तो रोपांना. भरिताच्या वांग्याला हिवाळ्यात फळ धरायचं तर रोपं उन्हाळ्याच्या शेवटी तयार लागतात, आणि हा उन्हाळा आता संपतच नव्हता. उशिरा पेरावं तर थंडी एवढी तोकडी झाली होती की फळ भरायच्या आत ती निघून जाई. बियाणं शीतपेढीत जपून ठेवलेलं होतं. ते रुजतही होतं. पण आठवडाभर चांगली वाढलेली रोपं उष्म्याच्या एका लाटेत बसायची, ती उठायचीच नाहीत.

"पण ही तर हिरवीगार आहेत," निवृत्ती म्हणाला.

"हिरव्यावर जाऊ नको. मेलेलं रोपसुद्धा दोन दिवस हिरवं दिसतं."

आणि मग ती त्याला समजावू लागली. ती बोलायला लागली की तिचा चेहरा उजळायचा. केंद्रात शाळेची मुलं आली की ती अशीच बोलायची. पान म्हणजे उन्हावर चालणारा पंप समज, ती म्हणाली. त्या पंपात वॉशरसारखा एक पुर्जा आहे, एक प्रथिन. उजेडाचा मार सगळ्यात आधी तेच खातं आणि झिजतं. धडधाकट झाड दिवसभर झिजलेले वॉशर काढून नवे बसवत असतं. पण उष्मा फार झाला की ही दुरुस्तीच ठप्प होते. लाट ओसरल्यावर रोपाला सावरायला मदत करायची, तर ती बेतानेच करावी लागते. लख्ख उन्हात ठेवलं, तर नवा बसवलेला वॉशरही फुटतो. मिट्ट अंधारात ठेवलं, तर फुटणं थांबतं, पण दुरुस्तीला लागणारं बळ रोप उजेडातूनच मिळवतं, म्हणून दुरुस्ती रेंगाळते. या दोहोंच्या मधला उजेड हवा, दिवस उगवायच्या आधी असतो तसा, झुंजुमुंजू. पाळणा रोपांना तेवढाच उजेड देई आणि हवा थंड ठेवी. रोप जसजसं सावरे तसतसा उजेड वाढवत नेई.

"सावरलं हे त्याला कळतं कसं?"

मुक्ताने चिमट्यासारखं एक यंत्र एका पानाला लावलं. "पानावर उजेडाचा झोत टाकला की त्याला वापरता न आलेला थोडा उजेड ते परत टाकतं. लालसर, डोळ्यांना न दिसण्याइतका फिका. तो मोजला की आतला पंप किती चालतो ते समजतं. ही त्याची नाडी म्हण." पडद्यावर आकडा आला. "शून्य पूर्णांक आठ. ठणठणीत. पाऊस सुरू झाला की यांना बाहेर लावायची. आपल्या शेतात."

"तुझ्या हिश्श्यात," निवृत्ती हळूच म्हणाला.

मुक्ताने यंत्र मिटवलं.

दुपारी पारा एकोणपन्नासला टेकला. जेवणं होऊन दोघं पंख्याखाली पडली होती, तेवढ्यात चावडीच्या दिशेने एक दणका ऐकू आला. पंखा थांबला. पाळण्याची घरघर बॅटरीवर मंदावली.

ती बॅटरी अर्धा तास पुरणारी. त्यानंतर ती बंद पेटी भट्टीसारखी तापणार, हे उघड होतं. बॅटरी संपताच मुक्ताने पेटीची दारं सताड उघडली आणि चादरी मागितल्या. निवृत्तीने ट्रंक उघडली, हाताला लागतील त्या चादरी, धोतरं, मायची दोन लुगडी माठातल्या पाण्यात बुडवून पेटीभोवती टांगली. मग एका बाजूने तो सुपाने वारा घालू लागला आणि दुसऱ्या बाजूने ती पुठ्ठ्याने. कापडं बघता बघता वाळत. तो पुन्हा भिजवी. घामाने दोघंही निथळत होती. लहानपणी अशीच दोघं मिळून गुळाच्या गुऱ्हाळावर माश्या हाकायची, असं निवृत्ती म्हणाला, आणि मुक्ताला त्या घाईतही हसू आलं.

पाचचा भोंगा झाला तेव्हा तिने नाडी मोजली. दोन दशांशाच्याही खाली. ट्रेमागून ट्रे, तेच.

"गेली?" निवृत्तीने विचारलं.

"अजून नाही. पण वाटेवर आहेत."

गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. नवा यायला आठ दिवस लागतील, कदाचित जास्त, असं वायरमन सांगून गेला. गारघर स्वतःच्या बॅटरीवर चालू होतं, पण तिथे म्हातारी माणसं दाटीवाटीने बसलेली, आणि आत अंधार. रात्रीपुरते ट्रे तिथे कोपऱ्यात ठेवता आले असते. पण सकाळी काय? बाहेर काढावेत तर ऊन, आत ठेवावेत तर काळोख.

मुक्ता पायरीवर बसली. तिला उत्तर ठाऊक होतं. दोन वर्षांपासून ठाऊक होतं. आपल्या हिश्श्यात जाताना तारेपलीकडे तिला रोज दिसायचं, की सगळं शिवार करपलेलं असताना पॅनलखाली मात्र जूनच्या अखेरीलाही गवत हिरवं असतं. पॅनलवरची धूळ रोज पहाटे धुतली जाई, ते पाणी खाली ठिबके, आणि वरून उजेड येई तो गाळून आलेला, मंद. तिला हवा होता नेमका तसा. पण त्या फाटकातून आत पाऊल टाकायचं नाही, असं तिने भावाशी शेवटचं भांडताना ठरवलं होतं. "शेत देऊन गारवा घेतला," असं ती त्याला त्या दिवशी म्हणाली होती.

"भाऊ," ती अखेर म्हणाली, "उजाडायच्या आत ट्रे तुझ्या पॅनलखाली न्यायचे."

निवृत्तीने तिच्याकडे पाहिलं. "हातगाडी बघतो कुणाची मिळते का," म्हणत तो उठला.

पॅनलच्या शेताची राखण रुबाब तडवीकडे होती. चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस. पूर्वी तो निवृत्तीबरोबर याच शेतात राबलेला. पहाटे तो नळी घेऊन पॅनल धूत होता. फाटकाशी हातगाडी आणि तिच्यामागे मुक्ता दिसली, तेव्हा त्याने नळी तशीच खाली टाकली.

"ताई, तुम्ही?"

"दोन-तीन दिवस जागा दे रुबाब. साहेब लोक रागावतील का?"

"गवत काढायला माणसं आलीत म्हणून सांगतो," रुबाब म्हणाला आणि त्याने फाटक पूर्ण उघडलं.

मुक्ता आत शिरली. बांधावरचा जुना कडुलिंब नव्हता. विहिरीवर लोखंडी जाळी बसवली होती. बांध कुठे संपायचा ते डोळ्यांना सापडेना. पण माती तीच होती, काळी, पाण्याने भिजलेली, आणि तिचा वास आला तेव्हा ती क्षणभर थांबली. मग तिने उजेड मोजायचं यंत्र काढलं आणि ओळींखालून फिरू लागली. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर तिला हवा तसा उजेड सापडला. तिथे तिघांनी ट्रे मांडले. पश्चिमेकडून झळ येऊ नये म्हणून रुबाबने ओली गोणपाटं बांधली.

भोंगा झाल्यावर तिघं राखणदाराच्या केबिनमध्ये शिरली. पॅनलची वीज सगळी कंपनीच्या तारांतून बाहेर जाई; केबिनमध्ये बॅटरीवर एक पंखा आणि एक दिवा एवढंच चाले. रुबाब सरबत करून देऊन कोपऱ्यात डोळे मिटून पडला. खिडकीतून रोपांची ओळ दिसत होती. मुक्ताची नजर तिथून हलत नव्हती.

"विहिरीच्या त्या जाळीच्या अल्याड," निवृत्ती एकाएकी म्हणाला, "मी पडलो होतो."

"कधी?"

"शेत पॅनलला द्यायच्या आधीच्या मे महिन्यात. कांदे काढत होतो. डोळ्यांपुढे पांढरं झालं तेवढं आठवतं. या रुबाबने खांद्यावर घातलं आणि पळत नेलं. दवाखान्यात शुद्ध आली, तर माझं नाव मला सांगता येईना. तुझ्या वहिनीला, सिंधूलासुद्धा ओळखलं नाही, दोन दिवस."

मुक्ता त्याच्याकडे वळली. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"मीच सिंधूला शपथ घातली. तू नोकरी टाकून आली असती."

"ती तर मी टाकलीच."

"टाकली, पण माझ्यासाठी नाही. वांग्यांसाठी."

दोघंही हसली. मग हसू विरलं. निवृत्ती खिडकीबाहेर बघत बोलू लागला, पहिल्यापेक्षा हळू. "शेत मला नको झालं नव्हतं, मुक्ते. मला त्याची भीती वाटायला लागली होती. ज्या बांधावर मी चालायला शिकलो, तिथं पाय ठेवला की छातीत धडधडायचं. वर गेल्यावर सगळे म्हणायचे, बरा झालास ना, मग आता लाग कामाला. पण माझं आतलं काहीतरी बंदच पडलं होतं. वर्ष लागलं मला. सिंधूने काही म्हटलं नाही, नुसतं बसू दिलं."

मुक्ताने आपल्या ग्लासातलं उरलेलं सरबत त्याच्या ग्लासात ओतलं. लहानपणी रुसवा काढायची तिची तीच रीत होती. निवृत्तीने ते पिऊन टाकलं.

त्या संध्याकाळी नाडी होती तिथेच होती. दुसऱ्या पहाटे, रुबाबने धुतलेल्या पॅनलचं पाणी ठिबकत असताना, मुक्ताने पुन्हा मोजायला सुरुवात केली. पहिला ट्रे मेलेला. दुसरा मेलेला. तिसऱ्यात एका रोपाने तीन दशांश दाखवले. तिने यंत्र पुसून पुन्हा लावलं. तीनच. त्याच्या शेजारचं साडेतीन.

"भाऊ," तिने हाक मारली.

निवृत्ती गोणपाट भिजवायचं सोडून धावत आला. पडद्यावरचा आकडा त्याला नीट दिसतही नव्हता, तरी तो वाकून बघत राहिला. आदल्या दिवशी त्याची गाडी होती, हे दोघांनाही आता आठवलं.

नवा ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत रोपं तिथेच राहिली. निम्मी गेली. उरलेली सावरत सावरत सहा दशांशांवर, मग सातवर आली. पाळण्यात वाढलेल्या रोपांपेक्षा ती बुटकी होती, पण बुडाशी जाड. दरम्यान उष्म्याची आणखी एक लाट येऊन गेली. तिच्यात ती मलूल झाली, आणि चटकन सावरली. एकदा सोसलेलं रोप पुढच्या वेळी थोडं तयार असतं, हे मुक्ताला पुस्तकातून माहीत होतं. आपल्या मातीत, गोठ्याबाहेर, ते घडताना ती पहिल्यांदाच बघत होती.

टेबलावरच्या त्या कागदावर तिने सही केली, पण आधी समासात लिहिलं: पॅनल माणसाच्या डोक्याच्या वर, ओळींमध्ये दुप्पट अंतर, आणि खालची जमीन पेरायचा हक्क आमचा. कंपनीचा माणूस म्हणाला, असं कुठे होत नाही. मग निवृत्ती स्वतः जळगावला गेला. पावसाळाभर जात राहिला. वाद घालायला तो अण्णांवर गेला होता. भाद्रपदात कंपनीने होकार कळवला. तोवर जगलेली रोपं रुबाबच्या देखरेखीत निवृत्तीच्या हिश्श्यातल्या पॅनलखाली लागलीही होती.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी वरून एक गाडी भरून माणसं आली. सिंधूवहिनी आली. पाच-सहा म्हातारे आले, त्यांच्या सुना, नातवंडं आली. धुराने पॅनल काळे होतील म्हणून रुबाबने शेतात जाळ करू दिला नाही. तेव्हा सगळे नदीच्या कोरड्या पात्रात उतरले. वांगी पूर्वीएवढी मोठी नव्हती आणि हिरवा रंग जरा फिका होता. निवृत्तीने काड्यांवर ती रचली आणि कुणाला हात लावू दिला नाही.

पहिला घास घेतल्यावर म्हाताऱ्यांत जुंपली. एकाच्या मते पूर्वीचं भरीत गोडसर असायचं. दुसरा म्हणाला, छे, गोड कसलं, त्याला धुराचाच वास असायचा. तिसऱ्याला त्यातल्या बिया आठवत होत्या, तर सिंधूवहिनी म्हणाली की त्यात बिया नव्हत्याच. मुक्ता ऐकत राहिली. नाडी मोजायचं यंत्र तिच्याकडे होतं, पण ती जुनी चव आता कुठेच मोजायला उरली नव्हती. ज्याची त्याची वेगळी होती, आणि प्रत्येक जण आपलीच खरी मानून डोळे मिटून घास चघळत होता. ती स्वतःही मायचं भरीत आठवू लागली. तिला बडगीचा आवाज आठवला, मायच्या बांगड्या वर सारलेले हात आठवले. चव मात्र काही केल्या जिभेवर येईना. हातातलं भरीत तिने पुन्हा चाखलं. चांगलं होतं.

"भाऊ कुठे गेला?" तिने विचारलं.

निवृत्ती जेवण अर्ध्यावर टाकून वर शेतात गेला होता. ती चढ चढून आली, तर तो पॅनलखाली एका झाडापाशी उकिडवा बसलेला. झाडाला एकच मोठं वांगं राहिलं होतं. धोतराच्या काठाची दोरी काढून तो ती देठाला बांधत होता.

"काय करतो रे?"

"हे तोडू नको देऊ कुणाला," तो गाठ मारत म्हणाला. "याला पिवळं होऊ दे. हे बियाला ठेवू."

गाडीचा भोंगा वाजला. वर जाणारी माणसं गोळा होऊ लागली होती. निवृत्तीने तिकडे मान वळवून पाहिलं आणि पुढच्या झाडापाशी सरकला.